खाडीला पूर येत नाही

घराच्या विम्यासाठी कंपनीने मला दिलेल्या पहिल्या माहितीपत्रकावर एक विलायती घर होतं. उतरतं छप्पर, धुराडं आणि छपरावर हातभर बर्फ. आत मराठीत विचारलं होतं, 'थंड हवामानात आपल्या जुन्या घराला पुरेसे संरक्षण आहे काय?' वरच्या कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी परदेशी मजकुराचं भाषांतर करून मोकळं झालं होतं. पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटणे, बर्फाच्या वजनाने छप्पर खचणे, असं सगळं त्यात होतं. हे घेऊन मी रोह्यात आणि पेणमध्ये हिंडायचे. इथे थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस कानाला मफलर, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांच्या घरात फुटायला मुळात पाइपच नव्हता.

वडखळच्या पुढे मिठागरांच्या बाजूच्या एका गावात एका बाईंनी ते चित्र बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "छपरावर इतका मीठ कशाला टाकलाय गो? कौलांना लोना लागंल." हे मीठ नव्हे, बर्फ आहे, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी, मग तो बर्फ तरी झाडून काढा म्हणावं त्या लोकांना, असा निरोप दिला. विम्याच्या भाषेत याला 'विमेदाराने मालमत्तेची वाजवी काळजी घेणे' म्हणतात. ते कलम मला इंग्रजीतून दोनदा वाचूनही नीट कळलं नव्हतं, त्या दिवशी कळलं.

संपादकांनी 'विम्याच्या धंद्यातले अनुभव' मागितलेत, तर आधी सांगते की मी आयुर्विमा विकत नव्हते. हे आयुष्यभर सांगत आले आणि अजूनही सांगावं लागतं. माणूस गेल्यावर पैसे मिळतात तो विमा वेगळा, माझा होता आग, वादळ, चोरीचा. पण 'विमाबाई आली' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं जरा आत सरकून बसायची, आपल्याकडेच बघून हिशेब चाललाय असं त्यांना वाटायचं. मिस्टरांची नोकरी रोह्याची, धाकटा शाळेत जायला लागला होता आणि मला दुपारची झोप कधी लागली नाही. एजन्सी घ्यायला एवढी कारणं पुरली. पुढे तीस पावसाळे मी या दोन तालुक्यांतली छपरं खालून बघत काढली. दुसऱ्याच्या घरात शिरून भिंती ठोकून बघायची आणि त्याबद्दल चहाही प्यायचा, असा दुसरा धंदा मला माहीत नाही.

जुन्या घराचा विमा घेताना ठरवायच्या गोष्टी तशा फार नाहीत. पहिली, घराची किंमत. घर विकलं तर काय येईल ते वेगळं आणि पडलेलं घर तसंच परत उभं करायला काय लागेल ते वेगळं. विमा दुसऱ्या आकड्याचा काढायचा असतो. लोक मात्र तिसराच आकडा सांगायचे, आजोबांनी घर बांधलं तेव्हाचा. सागाचे खांब आता त्या भावात मिळणार नाहीत म्हटलं, की खांबांना काय होतंय, असं म्हणून खांबावर एक थाप मारायचे. काही जण उलट, जमिनीची किंमतही त्यात धरायचे. जमीन जळत नाही, वाहून गेली तर तलाठ्याकडे जा, हे माझं ठरलेलं उत्तर.

दुसरी गोष्ट, आपत्ती निवडणे. पॉलिसीत आपत्तींची एक यादी असते. आग, वीज, स्फोट ही नेहमीची मंडळी, पण पुढे विमान कोसळणे, दंगा, क्षेपणास्त्राची चाचणी, वाहनाची किंवा जनावराची धडक असंही काय काय येतं. विमान म्हटलं की लोक वर बघायचे. रोह्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी ते ठेवायला वेगळे पैसे पडतात का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर, मग राहू दे, असं मोठ्या मनाने सांगितलं. जनावराच्या धडकेवर एका शेतकऱ्याला शंका होती. मी नियम सांगितला, स्वतःच्या बैलाने भिंत पाडली तर काही नाही, दुसऱ्याच्या बैलाने पाडली तर भरपाई. त्यानंतर तो शेजाऱ्याच्या गोठ्याकडे एका निराळ्याच नजरेने बघायला लागला. मी पटकन पुढच्या आपत्तीवर गेले.

या धंद्यात खरी अडचण भिंतींची नव्हती, शब्दांची होती. कंपनीचं मराठी वेगळं आणि लोकांचं वेगळं, आणि मी दोघांच्या मधे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला आधी त्याच्या जोखमीची जाणीव करून द्या. मी नवीन होते, आज्ञाधारक होते. रोह्यात रुकैय्याभाभींच्या घरी गेले. नवरा कुवेतला, घरात त्या आणि दोन लहान मुली. कौलारू घर, त्यात गल्फवरून आलेला टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळं प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. मी पाणी प्यायले, पदर सावरला आणि छापील वाक्य म्हटलं, "भाभी, तुमच्या घरात जोखीम काय काय आहे?"

भाभींनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, मुलींना जवळ बोलावलं आणि मागच्या आळीतून दिराला बोलावणं धाडलं. आपल्याकडे जोखीम म्हणजे सोनंनाणं. अंगावर जोखीम असली की बाई रिक्षात सांभाळून बसते. एक अनोळखी बाई ऐन दुपारी, घरात पुरुष नसताना, येऊन विचारते की दागिने कुठे आणि किती, तर आणखी काय करायचं? दीर आला, त्याने माझी पिशवी तपासली, बर्फाचं घर पाहिलं आणि त्याचा संशय आणखी वाढला. शेवटी त्याच्या दुकानाचा विमा आमच्याच कंपनीचा निघाला म्हणून माझी सुटका झाली. भाभींनी नंतर टीव्ही, फ्रिज, मिक्सरचा विमा घेतला. घराचा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "घर कुठं पलून जातंय, बाई?" 'जोखीम' हा शब्द मी त्या दिवसापासून टाकला. पुढे 'या घराला काय काय होऊ शकतं?' एवढंच विचारायचे. त्याला उत्तरं भरपूर यायची, कधी कधी त्यात सासूही यायची.

आता हिराजीकाकांकडे येते. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

पेणच्या खारेपाटात, खाडीला लागून त्यांचं गाव. समुद्रसपाटीच्याही खाली जमीन, तिच्यात भात, आणि भात आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. बांध शाबूत आहे तोवर सगळं शाबूत. काकांचं घर जुनं, दगडी जोतं, सागाचे खांब, मातीच्या जाड भिंती आणि वर कौलं. घरात ते आणि काकी, दोघंच. मुलगा सुरेश धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला, राहायला तिथेच एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर. विम्यासाठी माझ्याकडे आला तो सुरेशच. म्हातारी माणसं घर सोडत नाहीत, निदान घराचा विमा तरी असू दे, असं त्याचं म्हणणं. हप्ता तो भरणार, पण आपत्ती निवडणार काका, कारण घर त्यांचं.

काका माळकरी, भजनात पखवाज वाजवायचे, आणि खोटं बोलायचं नाही असा त्यांचा नेम. असा नेम पुष्कळांचा असतो, पण हे तो पाळायचे. त्याने सगळ्या गावाला ताप झाला होता. लग्नासाठी मुलगा बघायला पाहुणे आले की मुलाकडची मंडळी काकांना त्या दिवशी दुसऱ्या गावाला पाठवायची.

पडवीत बसून मी यादी वाचली. आग ठेवली. वीज ठेवली. विमानाला काका हसले. मग मी म्हटलं, "वादळ, पूर, जलप्रलय."

"वादल ठेव. वाऱ्यानं कौला उरून जातात. पूर काढ."

"काका, तुम्ही खाडीच्या काठावर राहता. पूर काढून कसं चालेल?"

"पूर नदीला येते, बाय. खाडीला पूर नाय येत. आमच्यात कधी पूर आयला नाय."

मी नदी दाखवली, पाऊस दाखवला, हातवारे केले. काका शांतपणे ऐकायचे आणि पूर काढ म्हणायचे. उगाच नसलेल्या गोष्टीचे पैसे मुलाने का भरावेत? शेवटी नियमच कामाला आला. कंपनीत वादळ आणि पूर ही जोडगोळी आहे. ठेवायचं तर दोन्ही, काढायचं तर दोन्ही, वादळ घेऊन पूर परत करता येत नाही. काकांना हे बाजारात वांग्यांबरोबर दुधी गळ्यात मारण्यासारखं वाटलं, तसं ते म्हणालेही. पण वादळापायी पूर घेतला. आत चुलीपाशी काकी होत्या. त्या सगळं ऐकत लाकडं सारत होत्या.

पुढच्याच वर्षी बांध फुटला. पावसात नव्हे. पाऊस संपला होता, भात पोटरीत आलं होतं, आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, आणि पौर्णिमेचं उधाण आलं. बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. त्यातून खाडी शेतात आली, शेतातून गावात आणि गावातून काकांच्या घरात. ओहोटीला गेली, भरतीला परत आली, बांध बुजवेपर्यंत रोज येत राहिली. भात तर गेलंच. घराचं जोतं भिजलं आणि खाडीकडची मागची भिंत, मातीची, एका दुपारी जागच्या जागी बसली. छप्पर खांबांनी तोलून धरलं म्हणून वाचलं.

मी बातमी कळताच गेले. स्वयंपाकघरातून थेट शेत दिसत होतं. सुरेश आदल्या दिवशी येऊन सांगून गेला होता, विम्याचं काही आलं तर भिंत बांधू, नाहीतर पुढच्या पावसाआधी दोघांनी धाटावला यायचं आणि घर मोडून टाकायचं. त्याचंही चूक नव्हतं. काकी मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि हात धरून म्हणाल्या, "गो बाय, सुरेशच्या त्या खोलीत मी एक रात काढली व्हती. खिरकी उघरली तर कंपनीचा वास, मिटली तर जीव जाते. मना इथून हलवू नको." जसं काही मीच हलवणार होते. पण मला एक गोष्ट दिसत होती जी त्यांना दिसत नव्हती. सर्व्हेअर येणार, काकांना विचारणार आणि काका उत्तर देणार.

सर्व्हेअर आले ते गद्रे साहेब, ठाण्याचे. नुकसान कशाने झालं हे बघून तसं कंपनीला कळवणं हे सर्व्हेअरचं काम. माणूस सरळ होता, फक्त चिखलात पांढरे बूट घालून आला होता आणि त्यामुळे त्याचा अर्धा जीव बुटात होता. सर्व्हे चालू असताना एजंटने तोंड घालायचं नाही असा नियम. मी वाटेत काकांना काही पढवलंही नाही. पढवून उपयोग नव्हता, त्यांनी तेही साहेबांना सांगितलं असतं.

गद्रे साहेबांनी पडलेली भिंत पाहिली, फोटो काढले आणि विचारलं, "वादळ होतं का त्या दिवशी?"

"नाय साहेब. ऊन व्हता. मी पापर वालत घातले व्हते." पापड काकींनी घातले होते, पण तेवढं चालायचं.

"मग पूर आला होता?"

"नाय. पूर नाय आला."

मी खोकले. साहेबांनी लिहिणं थांबवून पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. काकांनी नीट आठवलं आणि सांगितलं, की उभ्या जन्मात या गावाला पूर आलेला नाही, हे या बाईंनाही त्यांनी पॉलिसी घेतानाच सांगितलं होतं. मी पुन्हा खोकले. काकांनी मला पाणी पाहिजे का असं विचारलं.

"मग भिंत पडली कशाने?"

"खांड परली."

गद्रे साहेब ठाण्याचे. त्यांना खांड म्हणजे साखरेचा प्रकार माहीत. साखरेने भिंत कशी पडेल हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. त्यांनी तो नाद सोडला आणि जुन्या घरांच्या बाबतीत हमखास येणाऱ्या मुद्द्यावर आले. जुनी भिंत वयाने पडली तर कंपनी देत नाही, त्याला झीज म्हणतात. त्यांनी विचारलं, भिंत आधीपासून कमकुवत होती का?

काका म्हणाले, "आता भिंत म्हातारी, मी बी म्हातारा. दोघांना जरा कल आयलाच व्हता."

मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या धंद्यात खोटं बोलून बुडालेले दावे मी पुष्कळ पाहिले होते. खरं बोलून बुडणारा हा पहिलाच. पण गद्रे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही दिसत होतं की इथे काहीतरी झालंय. त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. म्हणाले, आजोबा, पूर नको तर नको, यादीत आणखी एक शब्द आहे, जलप्रलय. तसं म्हणू या का?

काकांनी विचार केला. मला वाटलं, सुटलो.

"परलयात सगला जग बुरते, साहेब," काका म्हणाले. "आमचा देव्हारा सुका हाय. कोंबरी बी जिती हाय. मी परलय कसा सांगू?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पेनाला टोपण लागलं म्हणजे काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला कळतं. ते उठणार एवढ्यात आतून काकी आल्या, हातात कोऱ्या चहाचे तीन कप. आलेल्या माणसाने चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, म्हणून साहेब परत बसले. एक मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी माझा कप ओठांपासून खाली आणला.

"आजी, साखरेऐवजी मीठ पडलंय," ते शक्य तितक्या सौजन्याने म्हणाले.

"साखरच हाय," काकी म्हणाल्या. "पानी दारच्या बावीचा हाय."

काका संतापले. घरी आलेल्या माणसाला बावीचं पाणी? टँकरचं गोडं पाणी हंडाभर चुलीशेजारी भरलेलं मी स्वतः पाहिलं होतं. काकी खाली मान घालून उभ्या. साहेब मात्र कप हातात तसाच धरून दारातल्या विहिरीकडे बघत राहिले.

"ही विहीर पहिल्यापासून खारी आहे?"

इथे काकांना खरं बोलायला काही अडचण नव्हती. वाडवडिलांपासून गोडी, ते म्हणाले, निम्मा गाव हिचं पाणी प्यायचा, आता खाडी जोत्यावरून येऊन हिच्यात पडली. मग साहेबांनी विचारलं, जोत्यावरून म्हणजे किती? आता प्रश्न बरोबर होता, त्यामुळे उत्तरही बरोबर आलं. काकांनी त्यांना घरात नेलं, भाताची कणगी बाजूला सारली आणि उभ्या राहिलेल्या तिन्ही भिंतींवर गुडघ्याच्या वर गेलेली मिठाची पांढरी रेघ दाखवली. ती त्यांनी आधी का नाही दाखवली? कारण पुराची विचारली होती. ही उधाणाची होती.

गद्रे साहेबांनी टोपण काढलं. जे लिहिलं ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, 'बांध फुटल्यामुळे खाडीचे पाणी घरात शिरले व त्यामुळे भिंत कोसळली.' असं घरात पाणी शिरणं कोणत्या शब्दाखाली घालायचं ते कंपनीने बघावं, तुम्ही फक्त हे खरं आहे का ते सांगा, असं ते म्हणाले. काकांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "ह्ये बराबर." साहेबांनी उरलेला चहा संपवला. पूर्ण संपवला, हे मी त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहून ठेवते.

दावा मंजूर झाला. कंपनीच्या फायलीत अर्थातच जलप्रलय लागला, ते मी काकांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच उधाणात त्याच गावातली आणखी घरं बसली. त्यांच्या दारात मी विमा घेऊन गेले होते आणि 'आमच्यात पूर येत नाय' एवढं ऐकून परत फिरले होते. दोनदा गेले असते, तीनदा गेले असते तर, असं अजूनही मनात येतं. आता तिथे स्लॅब आहेत आणि विमा बँक काढते, कोण कुणाची भिंत ठोकून बघत नाही.

मागची भिंत शिमग्याच्या आधी उभी राहिली, जांभ्या दगडाची. मी गेले तेव्हा काका बाहेरून गिलावा करत होते आणि काकींनी चूल पुन्हा त्याच कोपऱ्यात मांडली होती. सुरेश सुट्टी काढून आला होता, बापाच्या हाताखाली माल कालवत होता. धाटावचं नाव कोणी काढलं नाही. काकींनी चहा केला, गोड्या पाण्याचा. तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी घाईत चुकून बावीचं पाणी पडलं की काय?

काकींनी आधी दाराबाहेर बघितलं. काका गिलाव्यात गुंग होते.

"ह्यांचा नेम, खोटा बोलाचा नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझा नेम, चारचौघांत ह्यांचा शब्द खोटा पाराचा नाय. पन चहाला कंचा पानी घ्याचा, त्याचा नेम आमच्यात कोनी केला नाय, बाय."